सावळी हॉल्टचा आकोडा

डबा उघडण्याआधी छायानं हात धुतले, पुसले, आणि टेबलावर पांढरा कागद अंथरला. प्रयोगशाळेतली सवय. राग कितीही आला तरी मोजमाप स्वच्छ हातानंच करायचं.

पुण्याहून आलेला तो डबा दिसायला देखणा होता. झाकणावर कवेलूच्या छपराचं छोटं स्टेशन, पुढ्यात छोटी गाडी, आणि खाली इंग्रजीत 'विदर्भातलं नॅरो गेज स्टेशन, प्रमाण १:८७'. आत लेसरनं कापलेले प्लायचे तक्ते होते, छपरासाठी खाचांचा पुठ्ठा होता, आणि गुळगुळीत कागदावर छापलेलं सूचनापत्र होतं. छायानं समोरची भिंत तक्त्यातून अलगद सुटी केली, दिव्याखाली धरली, आणि व्हर्नियर कॅलिपर उघडलं.

किशोर, तिचा नवरा, पलीकडे सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत बसला होता. "पैसे देऊन इकत घेतलं न तू हे? मंग चेहरा काऊन असा?"

"थांब जरा."

दाराची रुंदी जुळली. खिडक्यांमधलं अंतर जुळलं. हे जुळणारच, मोजून कुणीही कापू शकतं. मग तिनं दाराच्या डाव्या अंगाला, उंचावर असलेलं एक बारीक भोक शोधलं. सुईचं टोक जाईल एवढं, अर्ध्या मिलीमीटरचं. कॅलिपरचा एक जबडा जोत्याला लावला, दुसरा भोकाला. चोवीस पूर्णांक तीन.

तिनं पुन्हा मोजलं. मग आपल्या कपाटातून स्वतःच्या किटमधली तशीच भिंत काढली, आणि दोन्ही एकावर एक ठेवून दिव्यापुढे धरल्या. दोन्ही भोकांतून एकच उजेडाचा ठिपका आला.

सूचनापत्रात त्या भोकाला नाव दिलेलं होतं. भाग क्रमांक चौदा: दिव्याच्या ब्रॅकेटसाठी भोक.

"दिव्याच्या," छाया म्हणाली.

किशोरनं सांबार खाली ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्याला एवढं कळत होतं, की छाया ओरडत नाही. ती ऐकलेला शब्द पुन्हा म्हणते, आणि तेवढ्यात समजून घ्यायचं असतं.

छाया वर्ध्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायची. राहायची सिंदी मेघेला. घरामागच्या खोलीत ती पुलगाव-आर्वी छोट्या गाडीच्या स्टेशनांचे आणि डब्यांचे किट तयार करायची. गाडी बंद होऊन पंचवीस-तीस वर्षं झाली. रूळ उचलले गेले, नाही तर गवतात गडप झाले. पण जगात अशा गाड्यांची हौस असलेली माणसं असतात, आणि ती हौस वेळेचा हिशेब ठेवत नाही. कुणी बेळगावात, कुणी कोचीत, कुणी जबलपुरात आपल्या खोलीत टेबलभर रूळ मांडून बसलेलं असतं, आणि त्या रुळांच्या कडेला त्यांना एखादं खरं स्टेशन हवं असतं.

तिच्या किटमधल्या सगळ्या वस्तू एका जागी मिळायच्या नाहीत. चाकं वर्ध्याचे बंडूजी लेथवर काढून द्यायचे. ते एरवी पंपाचे शाफ्ट कापणारे माणूस, पण पितळेच्या त्या इवल्या चाकांवर जीव टाकत. कवेलूचा पुठ्ठा हिंगणघाटचा मिठाईचे डबे करणारा दाबून द्यायचा. बारीक तार मोटर वाइंडिंगच्या दुकानातून यायची. आणि भिंती जामच्या चौकातला योगेंद्र कापायचा, ढाब्यांचे बोर्ड आणि गाड्यांच्या नंबरप्लेटा कापायच्या लेसरवर. नागपूरच्या दोघांनी तिला आधी परत पाठवलं होतं. एक म्हणाला, मॅडम, खेळण्यासाठी मशीन लावायला परवडत नाही. दुसऱ्यानं कापून दिलं, पण कडा इतक्या जाळल्या की भिंत भाजलेल्या पापडासारखी दिसायची. योगेंद्रनं मात्र दोन दुपारी खर्ची घालून तिच्या पातळ प्लायसाठी फोकस बसवला होता. असा दुसरा माणूस तिला त्या टापूत मिळाला नव्हता.

आता त्या भोकाची गोष्ट.

सावळी हॉल्टला छायाच्या घराण्याची भाजीची वाडी होती. वांगी, भेदरं म्हणजे टोमॅटो, मेथी, सांबार. सकाळच्या गाडीनं माल पुलगावला जायचा, पण बराचसा माल गाडी यायच्या आधीच प्लॅटफॉर्मवर विकला जायचा. पुलगावचा व्यापारी आदल्या गाडीनं यायचा, आपल्या हातात काटा धरायचा आणि तोलायचा. हातात धरलेला काटा मनगट जरासं वळवलं की हवा तिकडे झुकतो. सगळ्यांना दिसायचं, कुणी बोलायचं नाही, कारण गाडी यायची वेळ झालेली असायची आणि मेथी तोवर मान टाकायला लागलेली असायची.

छायाच्या आजोबांनी एक दिवस लोहाराकडून टोकाला वाकवलेला, हातभर लांबीचा लोखंडी आकोडा करून आणला आणि स्टेशनच्या भिंतीत ठोकला. रेल्वेच्या भिंतीत. स्टेशन मास्तर बघत राहिला आणि मग आत जाऊन बसला. त्या दिवसापासून सावळीला काटा त्या आकोड्याला टांगायचा, कुणाच्या हातात द्यायचा नाही, असा रिवाज पडला. व्यापाऱ्यानं आठवडाभर तोंड फुगवलं, मग तोही आपली पारडी त्याच आकोड्याला टांगायला लागला.

छायानं स्टेशन मोजलं तेव्हा आकोडा नव्हता. भंगारवाल्यानं केव्हाच काढून नेला होता, आणि भोक कुणीतरी सिमेंटनं बुजवून वर चुना मारला होता. नेमकी जागा भिंत सांगत नव्हती. म्हणून तिनं बबनरावांना, आपल्या काकांना, तिथे उभं केलं.

"काका, लहानपणी काटा कुठं टांगत होते, हात वर करून दाखवा."

"लहानपणी काऊन? म्या एकविसाव्या वर्षापर्यंत टांगला." त्यांनी दाराच्या डाव्या बाजूला सरकून हात उंच केला आणि बोटांची टोकं भिंतीला टेकवली. "इथं. हे बोटं आकोड्याले लागत होते."

छायानं तिथे खडूची खूण केली आणि फीत लावली. दोन हजार पंच्याऐंशी मिलीमीटर. मग तिनं विचार केला. काका आता अठ्ठ्याहत्तरचे. माणूस वयानं खचतो. पाठीचा कणा दोन-तीन सेंटीमीटर तरी आखडतो. विशीतल्या काकांचा हात थोडा वर पोचत असणार. तिनं तीस मिलीमीटर मिळवले, सत्त्याऐंशीनं भागलं, आणि भोक चोवीस पूर्णांक तीनवर मांडलं. खऱ्या प्रमाणात भोक आणखी बारीक यायला हवं होतं, पण तेवढं लेसरच्या आचेत जळून बुजतं, म्हणून अर्धा मिलीमीटर ठेवलं.

बबनरावांना ते पटलं नव्हतं. "तू मले म्हातारा धरून हिसाब केला," ते म्हणाले होते. "अजून वर होता." हा वाद तेव्हापासून चालूच होता.

आणि मागच्या वर्षी रस्ता रुंद करताना ती भिंतच गेली. स्टेशनच्या जागेवर आता डांबर आहे. म्हणजे सावळी हॉल्टच्या भिंतीवर चोवीस पूर्णांक तीनला भोक होतं, हे जगात दोनच ठिकाणी होतं: बबनरावांच्या हाताच्या आठवणीत आणि छायाच्या नकाशात. पुण्याच्या कंपनीनं भिंत घेतली, खिडक्या घेतल्या, आणि बबनरावांचं म्हातारपणसुद्धा तीस मिलीमीटरनं मोजून घेतलं. वर त्याला दिवा म्हणून टाकलं.

तिनं कंपनीला मेल लिहिली. साध्या शब्दांत, चार ओळी. उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. 'आमची सर्व डिझाइन्स आमच्या संशोधन चमूने प्रत्यक्ष स्थळभेटी व ऐतिहासिक छायाचित्रांच्या आधारे विकसित केली आहेत. आपल्या छंदासाठी शुभेच्छा.'

"स्थळभेट," छाया म्हणाली.

"डांबराले भेटले असतील," किशोर म्हणाला.

बबनराव तेव्हा त्यांच्याकडेच होते, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन. डोळ्यांवर काळा चष्मा, खाटेवर पाय वर घेऊन बसलेले. त्यांनी मेल दोनदा वाचून दाखवायला लावली. "काय व, दिवा म्हणते थे? सावळीच्या ठेसनावर दिवा होता काय? मास्तर कंदील हातात घेऊन हिंडे, आन् कंदील घरी नेऊन ठेवे, चोरी जाईन म्हणून." त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला. मग म्हणाले, "शुभेच्छा बी देल्या."

हौशी मंडळींचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता. त्याच ग्रुपवर बेळगावच्या एकानं जोडलेलं स्टेशन टाकलं होतं आणि तिथूनच छायाला या डब्याचा पत्ता लागला होता. तिनं ग्रुपवर आरोप केला नाही. फक्त एक प्रश्न विचारला: समोरच्या भिंतीवरचं भोक कशासाठी आहे, आणि ते कुठे पाहिलंत?

कंपनीचा माणूस ग्रुपवर होताच. उत्तर लगेच आलं. त्या काळच्या सर्व नॅरो गेज स्टेशनांवर दिव्याचे ब्रॅकेट असत. आमच्याकडे संदर्भ आहेत. संदर्भ कुठला, ते नाही सांगितलं. त्याखाली चार-पाच जणांनी अंगठे दाखवले. एकानं लिहिलं, मॅडम, एवढ्याशा भोकावरून वाद कशाला, छंद आहे, आनंद घ्या. दुसऱ्यानं हात जोडलेलं चित्र टाकलं. ज्या माणसानं मालगाडीच्या वाघिणीवरच्या रिव्हेटांची संख्या चुकली म्हणून मागच्याच महिन्यात पानभर लिहिलं होतं, त्यानंही अंगठाच दाखवला.

छायानं फोन पालथा ठेवला. 'एवढ्याशा भोकावरून' या शब्दांचं तिला नवल वाटलं नाही. तिला आयुष्यभर हेच ऐकवलं गेलं होतं, की बारीक गोष्ट म्हणजे क्षुल्लक गोष्ट. वर्गात दशांश चिन्ह चुकलं तर मुलं म्हणत, मॅडम, एक टिंब तर आहे.

नकाशा तिच्याशिवाय एकाच माणसाकडे होता.

रविवारी ती जामला निघाली. बबनराव म्हणाले, मी बी येतो. डॉक्टरांनी धुळीत जाऊ नका म्हटलंय, हे तिनं सांगून पाहिलं. "चष्मा हाय न," ते म्हणाले, आणि गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसले.

योगेंद्रचं दुकान चौकापासून थोडं आत, ट्रकचे टायर दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी होतं. बाहेर ढाब्याचा नवा बोर्ड वाळत ठेवला होता. दारावर त्यानंच कापलेला प्लायचा मोठा मोर. आत मशीन घूं घूं करत होतं आणि जळक्या लाकडाचा वास भरून राहिला होता. योगेंद्र तिशीतला, हसतमुख, केसांवर नेहमी भुसा.

"या ताई. या काकाजी. चहा सांगतो."

"चहा नको," छाया म्हणाली. रागात तिची बोली पुस्तकी व्हायची; घरचे हे ओळखून होते, योगेंद्रला ते माहीत नव्हतं. तिनं दोन्ही भिंती काउंटरवर शेजारी ठेवल्या. "यातली ही माझी आहे. ही पुण्याची. या दोन्ही कुणी कापल्या?"

योगेंद्रनं वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. "दोन्ही माह्याच मशीनच्या. कड पाहा न, कशी साफ आली. पुण्यावाले आलते दिवाळीच्या आंधी, हिंगणघाटहून नागपुरले चालले होते, बोर्ड पाहून थांबले. म्या म्हटलं आमच्याकडं रेल्वेचं काम बी होते. तुमची फाइल दाखवली. एकदम पसंत पडली त्यांले." तो खरोखर खुश होता. "ताई, तुमचं ठेसन पुण्यापर्यंत गेलं."

चोर भेटला असता तर छायाला काय बोलायचं ते ठाऊक होतं. गाडीत तिनं सगळं जुळवून ठेवलं होतं. हा माणूस शाबासकी मागत होता.

"ती फाइल माझी होती, योगेंद्र."

"तुमचीच तं. पण राह्यते दुकानातच न." त्यानं दाराकडे बोट केलं. "तो मोर पाहा. समुद्रपूरच्या एका पार्टीनं गेटसाठी करून घेतला. डिझाइन त्याईनंच आणलं. आता तो मोर तीन गावात हाय, केळझरच्या एका मंगल कार्यालयात बी हाय. त्या पार्टीले सांगतलं तं थे खुश. म्हणे आपला मोर चालून राह्यला. प्रेसवाल्याचा ब्लॉक प्रेसमधी राह्यते, सुताराचा साचा सुताराकडं राह्यते. आमच्या लायनीत असंच असते, ताई."

"मला विचारलं का नाही?"

"मोराच्या पार्टीले बी कुठं इचारलं," योगेंद्र गोंधळून म्हणाला. "आन् ताई, राग नका धरू, पण तुमच्या कामानं माह्यी मशीन गरम बी होत नाई. वर्षातून दोन खेपा येता तुम्ही. पुण्यावाल्याचं काम आलं तं मशीन चालू राह्यते."

हे खरं होतं, आणि ते खरं असल्यामुळे छायाचा राग आणखी घट्ट झाला. त्याच्याशी तोडलं तर भिंती कापणार कोण? आणि न तोडता गप्प बसलं तर पुढचा नकाशाही याच संगणकातून पुण्याला जाणार. ती त्या भुशानं माखलेल्या काउंटरपुढे उभी होती आणि तिला पहिल्यांदाच वाटलं, की हे काम आता बंद करावं.

बबनराव इतका वेळ स्टुलावर बसून होते. त्यांनी हात पुढे केला. "दे इकडं ते."

छायानं पुण्याची भिंत त्यांच्या हातात दिली. डोळ्यांवरच्या काळ्या चष्म्यानं त्यांना फारसं दिसत नव्हतं. त्यांनी अंगठ्याच्या नखानं भोक चाचपलं.

"हे कायचं भोक हाय, बाबू?"

"दिव्याचं, काकाजी. कागदावर तसंच लिवलं त्याईनं."

"आन् तिच्या कागदावर काय लिवलं होतं?"

योगेंद्र थांबला. छायाच्या नकाशात प्रत्येक भोकाशेजारी बारीक अक्षरात नाव असायचं. ते कापायचं नसायचं, नुसतं समजायला. "आकोडा लिवलं होतं," तो म्हणाला. "काट्याचा आकोडा. त्याईनं पुसाले लावलं. म्हणे इंग्रजीत करू."

"तुह्या घरी वाडी हाय काय?"

"मामाची हाय. हिंगणघाटच्या बाजारात नेते भाजी."

"मंग इचार मामाले. काटा दुसऱ्याच्या हातात असला की काय होते म्हणून." बबनराव सावकाश बोलत होते, ट्रक गेला की थांबत होते. "माह्या बापानं रेल्वेच्या भिंतीत आकोडा ठोकला, काहून का काटा कोनाच्याच हातात नाई राह्यला पाह्यजे. व्यापाऱ्याच्या बी नाई, आमच्या बी नाई. मोर कोनाचाई असते, बाबू. मोर काय कोन्या बापानं ठोकला नाई. हे भोक माह्या बापाचं हाय. पोरीनं माह्या हाताच्या मापानं मांडलं. आन् तू काटा हातात घेऊन तोलून राह्यला. वजन तिचं, पारडं तुहं."

मशीनचं काम संपलं होतं. पंखा तेवढा फिरत होता. मग योगेंद्र संगणकापाशी गेला, छायाची फाइल शोधली आणि तिच्यासमोर पुसून टाकली. "हे घ्या. गेली."

"पुण्यात आहे ना," छाया म्हणाली.

"थे तं हाय."

"मग पुसून काय उपयोग?" तिनं आपली भिंत रुमालात गुंडाळली. "योगेंद्र, मला फाइल पुसलेली नको होती. मला विचारलेलं हवं होतं. एवढंच."

परतीच्या वाटेवर बबनरावांनी रस्त्याकडेला गाडी थांबवून भजी घ्यायला लावली आणि एकही खाल्लं नाही. घरी आल्यावर छायानं मागची खोली उघडली, टेबलावरचे अर्धवट किट डब्यात भरले, आणि डबे कपाटावर टाकले. किशोरनं विचारलं, आवरून राह्यली? ती म्हणाली, झाकून ठेवते. तार आणि बारीक पक्कड मात्र टेबलावरच राहिली.

पुढे बरेच दिवस गेले. ग्रुपवर ती बोलली नाही. पण प्रश्न तिथेच पडून होता, आणि असल्या मंडळींत एक गोष्ट असते, की अंगठा दाखवून झाल्यावर त्यांना झोप लागत नाही. जबलपूरच्या एका निवृत्त गार्डनं लिहिलं, की मी छोट्या गाडीवर काम केलं आहे, दिवा दाराच्या बरोबर वर असे, बाजूला कधीच नसे. बाजूला लावला तर तिकीट फाडणाऱ्याच्या पाठीवर उजेड पडेल. मग रिव्हेट मोजणारा जागा झाला. त्यानं कंपनीला विचारलं, तो संदर्भ जरा टाका. कंपनीकडून उत्तर आलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं.

शुक्रवारी दुपारी छाया उत्तरपत्रिका तपासत असताना योगेंद्रचा फोन आला.

"ताई, बिझी हाय काय? एक इचाराचं होतं."

तिनं पेन खाली ठेवलं.

"पुण्याची नवीन ऑर्डर आली. मोठी हाय. फाइल बी त्याईनंच धाडली. सांगून राह्यले का थे भोक बुजवून टाक, बाकी सगळं तसंच ठेव. आपल्याले काय, एक वर्तुळ तं काढाचं हाय." तो घुटमळला. "तं मी इचारतो. बुजवू काय?"

छायाला आधी हसू आलं, मग त्यातला अर्थ लक्षात आला. भोक बुजवलं की पुरावा संपला. उरलेल्या भिंतीवर तिचं नाव कुठेच नव्हतं. दारं-खिडक्या कुणाच्याही असू शकतात. आकोडा त्यांनी आधी दिवा केला, आणि दिवा अंगाशी आला तेव्हा तो नव्हताच असं करायला निघाले. आजोबांनी ठोकलेला आकोडा आधी भंगारवाल्यानं नेला, मग कुणी सिमेंट भरलं, मग डांबर आलं, आणि आता संगणकावर एक बोट दाबायचं तेवढं राहिलं होतं. आणि ते बोट तिला विचारत होतं.

"नको बुजवू," ती म्हणाली.

"मंग तसंच कापू?"

"नाई. कापू बी नको." तिची बोली परत घरची झाली होती, तिच्या ध्यानात आलं नाही. "त्याईले सांग का हे फाइल वर्ध्याच्या बाईची हाय. बदल कराचा तं तिले इचारा. नंबर दे माहा."

पलीकडून टायरवाल्याच्या हातोडीचा आवाज आला.

"ऑर्डर जाईन, ताई."

"जाईन कदाचित. मी तुले खोटं नाई सांगत. माह्या कामानं तुही मशीन गरम बी होत नाई, हे तूच म्हटलं होतं."

"म्हटलं होतं," योगेंद्र म्हणाला. मग जरा वेळानं, "मामाले इचारलं म्या. त्या काट्याचं. मामा हसला नुसता. म्हणे आता इलेक्ट्रॉनिक आला तं त्याच्यातबी बोट टेकवते." त्यानं श्वास सोडला. "देतो तुमचा नंबर. दुसरीकडून कापून घेतीन तं घेवो. इथून नाई जाणार."

संध्याकाळी छायानं कपाटावरचा एक डबा खाली घेतला. एक स्टेशन जोडायचं बाकी होतं. ती तार कापून पक्कडीनं आकोडा वळवत बसली. आधी सरळ दांडी, मग टोकाला वाक. बबनराव शेजारी खुर्ची ओढून बसले होते. चष्मा आता उतरला होता, आणि दिसतं त्या सगळ्यावर टीका करण्याइतकी नजर परत आली होती.

फोन वाजला. अनोळखी नंबर. छायाच्या एका हातात पक्कड, दुसऱ्यात तार. सोडली असती तर वाक बिघडला असता.

"मी घेतो," म्हणत बबनरावांनी फोन उचलला आणि कुणीतरी शिकवल्याप्रमाणे स्पीकर लावला.

"नमस्कार, छाया मॅडम आहेत का?" आवाज तरुण, गोड, सरावलेला. "पुण्याहून बोलतोय. थोडा गैरसमज झालाय असं वाटतं. मॅडमना आम्ही व्हेंडर म्हणून जोडून घेऊ शकतो, अशी आमची एक..."

"तुम्ही सावळीले आलते काय?" बबनरावांनी विचारलं.

"अं? आपण कोण?"

"स्थळभेटीले आलते न तुम्ही. कागदावर लिवलं होतं. मंग हात वर करा आन् सांगा, भोक कुठं होतं."

"काका, मला वाटतं मी मॅडमशीच..."

"दिवा होता म्हणे. कोन्या बाजूनं पेटे?"

छायानं वळवलेला आकोडा कागदावर ठेवला, हात पुसले आणि फोनकडे वाकली. आवाज चढवला नाही. "नमस्कार. मला व्हेंडर व्हायचं नाही. दोन गोष्टी हव्यात. डब्यावर रेखाटन कुणाचं ते लिहायचं. आणि भाग चौदाला 'काट्याचा आकोडा' म्हणायचं. तुम्ही जे विकताय ते काय आहे, हे विकत घेणाऱ्याला कळलं पाहिजे. नाहीतर दोन्ही भिंतींची मापं आणि तुमची स्थळभेटीची मेल मी ग्रुपवर ठेवीन. जबलपूरचे गार्ड वाट पाहताहेत."

"मॅडम, हे मला वर विचारावं लागेल."

"विचारा," छाया म्हणाली. "विचारायलाच सांगतेय."

फोन बंद झाला. ते विचारतील की नाही, आणि विचारून काय होईल, हे तिला ठाऊक नव्हतं. पुण्यात लेसर पुष्कळ आहेत. रागही काही उतरला नव्हता. छातीत होता तिथेच होता. तिनं चिमट्यानं आकोडा उचलला, गोंदाचा ठिपका लावला, आणि भिंतीतल्या भोकात बसवला.

बबनरावांनी स्टेशन डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं.

"खाली हाय," ते म्हणाले.

"बरोबर हाय, काका."

"मी सांगतो न खाली हाय. म्या टांगला का तू?"

छायानं फीत काढली. "उठा," ती म्हणाली. "भिंतीपाशी उभे राहा. आता चष्मा बी नाई. करा हात वर."